धाकू भावोजींचा कौल

आमचे धाकू भावोजी आयुष्यात एकदाही "मला वाटतं" असं म्हणालेले नाहीत. बाजारातून मासे कुठले आणायचे इथपासून पोरीनं कुठली नोकरी धरायची इथपर्यंत काहीही विचारा, ते डोळे मिटणार, छातीवर हात ठेवणार आणि घसा खाकरून म्हणणार, "मी कोण सांगणारा? देवाक विचारूया." आणि मग खुर्चीत मागे रेलून असे बसणार, की बघणाऱ्याला वाटावं देवच यांच्या हाताखाली कामाला आहे.

धाकू घाडी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचा, रत्नाताईचा नवरा. त्यांचे वडील लालबागच्या गिरणीत होते. गिरणी बंद पडली तेव्हा बिऱ्हाड घाटकोपरला भटवाडीतल्या चाळीत आलं. भावोजी अंधेरीच्या एका कंपनीत लिफ्टची देखभाल करायचे. उभी नोकरी लोकांना वर-खाली नेण्यात गेली, स्वतः होते तिथेच राहिले. आता रिटायर झालेत. चाळीच्या जागी टॉवर आला, त्यात दोन खोल्या मिळाल्या, तेव्हापासून गाववाले त्यांना "धाकूशेट" म्हणतात आणि ते म्हणू देतात. मी नाहूरला राहते, स्टेशनजवळच्या गल्लीत माझं ब्युटी पार्लर आहे. भुवया कोरून घेताना बायका जे बोलतात त्यावरून मला निम्म्या मुंबईतल्या नवऱ्यांची अक्कल पाठ आहे. पण भावोजींच्या तोडीचा नमुना माझ्या कानावर अजून आलेला नाही.

हा कौल काय प्रकार आहे ते आधी सांगते. आमच्या कोकणात गावच्या देवळात गुरव पाषाणावर दोन ओल्या पाकळ्या चिकटवतो, एक उजवीकडे, एक डावीकडे. देवाला प्रश्न सांगतो आणि सगळे श्वास रोखून बघत बसतात. उजवी आधी गळून पडली तर देव "हो" म्हणाला, डावी पडली तर "नाही". हा मान गुरवाचा. भावोजी घाडी, त्यांचा मान गाऱ्हाण्याचा, म्हणजे सगळ्यांच्या वतीनं देवापुढे उभं राहून मोठ्यांदा मागणं मागायचं. आवाज आहे त्यांना, ते मी नाकारत नाही. पण लॉकडाऊनमध्ये गावी जाता येईना, तेव्हा ह्यांनी गावच्या ओढ्यातून कधीतरी आणलेला नारळाएवढा काळा पाषाण पाटावर मांडला आणि देवाची घाटकोपर शाखा उघडली. कौल व्हिडिओ कॉलवर मिळायचा. वाकोल्यापासून विरारपर्यंतचे गाववाले मोबाइल समोर धरून, हात जोडून बसायचे. नेटवर्क गेलं की देव मध्येच थिजायचा. लॉकडाऊन उठला, शाखा मात्र उठली नाही.

थाट बघण्यासारखा असतो. भावोजी सोवळं नेसून पाटावर. शेजारी रत्नाताई, डोक्यावर पदर, हातात पितळेचं ताट, ताटात पाण्याची वाटी आणि जास्वंदीच्या पाकळ्या. ती पाण्यातून एकेक पाकळी काढून देते, पहिली नेहमी डावीकडे लागते, दुसरी उजवीकडे, आणि एखादी देण्याआधी पदराला टिपते. मान कायम खाली. बायको कशी असावी हे सांगायला गावच्या वाडीतले लोक तिच्याकडे बोट दाखवतात. मला त्या खाली घातलेल्या मानेची चीड यायची. माझी बहीण शाळेत माझ्यापेक्षा हुशार होती हो, आणि आता ह्या माणसाला पाकळ्या पुरवत बसली होती.

माझं पहिल्यापासून ठाम मत होतं की भावोजी लबाड आहेत. हवी ती पाकळी नीट दाबायची, नको ती सैल सोडायची, काय अवघड आहे? ताईच्या धाकट्या दिरानं त्यांच्या हॉलमध्ये क्लास काढू का म्हणून विचारलं, देवानं डावा दिला. मी मनात म्हटलं, वा भावोजी. पण मग ऋतिकाला, त्यांच्या एकुलत्या एका मुलीला, साकीनाक्याच्या कंपनीत रात्रपाळीची नोकरी मिळाली. भावोजी आठवडाभर धुमसत होते, पोरी रात्रीच्या बाहेर राहत नसतात वगैरे. आणि कौल लावला तर उजवा. तोंड कडू करून त्यांनी देवाचा शब्द वाडीला ऐकवला. तेव्हाही मी म्हटलं, काय पक्का माणूस आहे, संशय येऊ नये म्हणून मधूनच स्वतःच्या विरुद्ध निकाल घेतो.

आणि ताईचा गुडघा. तिचा उजवा गुडघा पार झिजलाय, डॉक्टरांनी बदलायलाच सांगितलाय. जिना उतरताना ती कठडा दोन्ही हातांनी धरून एकेका पायरीवर थांबते. दोनदा कौल लावला, दोन्ही वेळा डावा. भावोजी म्हणाले, "देवाची वेळ येवक होयी." त्या दिवशी मी त्यांच्या घरचा चहा न घेता निघून आले. स्वतःच्या बायकोच्या गुडघ्यावरही ह्यांना देवाची सही लागते, आणि ती बाई मान हलवून तेल चोळत बसते.

गेल्या डिसेंबरात ऋतिका माझ्या पार्लरमध्ये आली आणि केस न कापताच खुर्चीत बसून राहिली. म्हणाली, "मावशी, माझी वाट लागणार आहे." मुलगा होता मितेश. तिच्याच कंपनीत, वेसाव्याच्या कोळीवाड्यातला. घरची होडी, आई मथुरा मासळी विकते. सालस पोरगा. आम्ही भेटलो तेव्हा त्यानं माझ्या पाया पडून वर "मावशी, पापलेट पाठवू का?" असं विचारलं, तेव्हाच तो माझ्याकडून पास झाला होता.

"मग बोल ना बापाशी," मी म्हटलं.

"बोलून काय होणार? देवाला विचारूया म्हणतील. आणि आपल्यातला नाही म्हटल्यावर देव काय सांगणार ते मला आत्ताच माहितीय. एकदा डावा पडला ना मावशी, की संपलं. मग आख्खी वाडी सांगत बसेल, देवानंच नाही म्हटलं."

तिचं म्हणणं खोटं नव्हतं. ज्यांच्या हातचे मासे घरात आल्याशिवाय ज्या माणसाचा रविवार उजाडत नाही, त्याला त्यांच्या घरचा मुलगा मात्र चालणार नव्हता. ह्या सोवळ्याला काय म्हणायचं?

तेव्हा असं ठरलं की कौलाआधी भावोजींनी मितेशला नुसतं बघावं, ऑफिसातला मित्र म्हणून. मितेश दर रविवारी किल्ले पालथे घालतो. त्यानं वसई सुचवली. भावोजी लगेच तयार झाले, कारण चिमाजी आप्पांच्या सैन्यात घाड्यांचा कुणीतरी पूर्वज होता असं त्यांच्या डोक्यात बसलंय. पुरावा विचारला की म्हणतात, "देवान सांगितला हा."

जानेवारीतल्या एका रविवारी मितेश चुलत्याची गाडी घेऊन आला. भावोजी खाली उतरले ते गाववाल्यांच्या मंडळाचं जॅकेट, नवीकोरी ट्रेकिंगची काठी आणि पाठीवर सॅक अशा अवतारात. सॅकमध्ये लाल फडक्यात गुंडाळलेला देव. प्रवासात देव बरोबर लागतो त्यांना. मागून ताई, एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात माझा खांदा.

वसईचा किल्ला म्हणतात, पण तो नुसता किल्ला नाही, तटबंदीच्या आतलं अख्खं शहर होतं. रस्ते, वाडे, बाजार, देवळाएवढाली चर्च, न्यायकचेरी, सगळं त्या भिंतींच्या आत. आपल्या उपनगरांत भाताची खाचरं होती तेव्हा इथे श्रीमंतांच्या पालख्या फिरत होत्या. पोर्तुगीज गेले, मराठे आले, इंग्रज आले, आणि आता तिथे वटवाघळं आणि प्री-वेडिंगवाले राहतात. छप्पर उडालेल्या प्रत्येक चर्चमध्ये एकेक जोडपं. मुलगी झगा सांभाळत पळतेय, मुलगा मागून पळतोय, आणि फोटोग्राफर गुलाबी धूर सोडून ओरडतोय, "नॅचरल हसा!" माणसांनी भरलेलं एवढं शहर मेलं आणि त्याचा उपयोग काय, तर पडदा म्हणून! दुसरीकडे छातीवर वाघ छापलेल्या टीशर्टांची टोळी घोषणा देऊन देऊन दमली होती आणि वेफर्सच्या पिशव्या तटाखाली फेकत होती. इतिहासावर असलं प्रेम बघितलं की मला माझं पार्लर बरं वाटतं.

आत नागेश्वराचं देऊळ आहे. तिथल्या पारावर ताईला बसवलं. "तुम्ही येवा फिरान," ती म्हणाली आणि पिशवी मांडीवर घेऊन सावलीत टेकली. भावोजींचा बेत अख्ख्या तटाला प्रदक्षिणा घालायचा होता. पण निघण्याआधी गाऱ्हाणं. काठी बगलेत मारून, हात जोडून त्यांनी आवाज लावला:

"बा देवा, वसयच्या तटाच्या राखणदारा! आज ही तुझी लेकरां तुझ्या दारात इली हत, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" मितेश जोरात म्हणाला. ऋतिकानं त्याला शिकवून आणलं होतं.

"त्यांच्या पायाक काटो नको, डोक्याक ऊन नको, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"जो कोण आडवो येयत..." भावोजींनी इथे श्वास घेतला.

"व्हय म्हाराजा!" मितेश म्हणाला. भावोजींनी एक डोळा उघडून त्याच्याकडे असं पाहिलं की मला ओढणीत तोंड लपवावं लागलं.

पायऱ्या चढून आम्ही तटावर आलो. भिंत इतकी रुंद की वरून माणसं सहज चालत जावीत, पण दोन्ही बाजूंनी घाणेरी आणि बोरीची झुडपं माजलेली. एका अंगाला खाडी, चिखलात टेकलेल्या होड्या, वाळत घातलेल्या मासळीचा वास. दुसऱ्या अंगाला ते पडकं शहर झाडांत बुडालेलं. भावोजी पुढे, काठी आपटत, प्रत्येक बुरुजापाशी थांबून "हयसून तोफ मारली असतली" असं सांगत. पहिल्या बुरुजावर सांगितलं, दुसऱ्यावर सांगितलं, तिसऱ्यावर मितेशच म्हणाला, "इथूनपण काका?" ऋतिकानं त्याला चिमटा काढला.

भावोजींनी मग चौकशी सुरू केली. गाव कुठलं? "वेसावा." घरी काय? "होडी आहे काका, आई मार्केटला बसते."  भावोजी काठीनं एक दगड उडवून म्हणाले, "कोळी. बरा, बरा." ते दुसरं "बरा" ऐकलं आणि ऋतिकाचा चेहरा उतरला. बापाच्या आवाजातली थंडी पोरींना पहिली कळते.

पुढे एका ठिकाणी वाट फुटली. एक पायवाट झुडपांतून तटाच्या माथ्यावरूनच जात होती, दुसरी पायऱ्यांनी आत खाली उतरत होती. मितेश म्हणाला, "काका, इथून खाली उतरू. वर पुढे तट ढासळलाय. मागच्या वेळी अडकलो होतो आम्ही."

एरवी चालले असते भावोजी. पण आत्ताच "बरा, बरा" झालं होतं. वेसाव्याच्या पोरानं घाड्यांना वाट दाखवायची? त्यांनी डोळे मिटले, छातीवर हात ठेवला. "मी कोण सांगणारा? देवाक विचारूया."

"बाबा, इथे?" ऋतिका म्हणाली.

सॅकमधून पाषाण निघाला. तटाच्या कठड्यावर फडकं पसरून भावोजींनी त्याची स्थापना केली. ताट खाली ताईकडे राहिलं होतं, तेव्हा घाणेरीची फुलं तोडली. बाटलीतलं पाणी हातावर घेऊन डावीकडे एक फूल टेकवलं, उजवीकडे एक. दोन्ही एकदमच खाली. परत लावली. परत दोन्ही खाली. मग त्यांनी बाटली पाषाणावर उपडीच केली आणि फुलं दाबून बसवली. ह्या वेळी पडेचनात. आम्ही उभे. ऊन चढत होतं. खालून "नॅचरल हसा" ऐकू येत होतं. एक मुंगी उजव्या फुलापर्यंत आली, जरा विचार केला आणि परत गेली. भावोजींच्या कपाळावरून घाम ओघळत होता. एखाद्या नवख्या पोरीनं घामेजल्या कपाळावर टिकली लावायचा प्रयत्न करावा तसं त्यांचं चाललं होतं. मी त्यांच्या हातांकडे बघत राहिले. हे हात पाकळी दाबत नव्हते, सैल सोडत नव्हते. ह्या हातांना काहीच येत नव्हतं.

"रत्ना नाय ना ताट करूक," ते स्वतःशीच चिडून पुटपुटले. "ती देता तेव्हा बरोबर होता."

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. पाण्यातून काढलेली पाकळी, पदराला टिपलेली पाकळी. मी इतकी वर्षं ह्या माणसाला लबाड समजत होते. लबाड व्हायला लागते तेवढीही अक्कल त्याच्यात नव्हती.

"दोन्ही ऱ्हवली. म्हणजे देव सांगता, सरळ जा," असा निकाल स्वतःच देऊन भावोजींनी पाषाण सॅकमध्ये टाकला आणि झुडपांत घुसले. आम्ही हाका मारत राहिलो. थोड्या वेळानं काठी खाली पडल्याचा आवाज आला. मग फाटल्याचा. मग किंकाळी. आणि हा देवाचा माणूस काय ओरडला सांगू? देवाचं नाव नाही. "रत्ने! गो रत्ने!"

आम्ही झुडपं बाजूला करून बघितलं. पुढे तट खरंच ढासळला होता. भावोजी तुटलेल्या कडेवर बसले होते, पाय खाली लोंबकळत, पाठीमागून बोरीच्या काट्यांनी जॅकेट धरून ठेवलेलं. पुढे सरकले तर खाली, मागे सरकले तर काटे. चेहरा पांढराफटक. मितेश पोटावर झोपून सरपटत त्यांच्यापर्यंत गेला.

"काका, आधी सॅक द्या. तिच्यामुळे मला तुम्हाला काखेत धरता येत नाहीये."

"देव हा त्येच्यात!"

"माहितीय. मी नीट धरतो."

भावोजींनी सॅकचा पट्टा घट्ट धरला. देव घाड्यांच्या खांद्यावरून कोळ्याच्या खांद्यावर द्यायचा. मग खाली बघितलं आणि गुपचूप पट्टा सोडला. मितेशनं देव पाठीला लावला, काटे एकेक करून सोडवले आणि भावोजींना काखेत धरून मागे ओढून आणलं. जॅकेटवरच्या मंडळाच्या नावाचा अर्धा भाग बोरीला लटकत राहिला. भावोजी उभे राहिले, कपडे झटकले आणि काय म्हणाले? "देवान राखल्यान." मितेशला एक शब्द नाही. माझ्या जिभेवर आलं होतं ते मी ऋतिकाकडे बघून गिळलं.

पाराशी आलो तेव्हा मी ताईला बाजूला घेणार होते, पण ऋतिकाचा बांध फुटला. बापाच्या त्या "देवान राखल्यान"नं तिचं डोकं फिरलं असणार. सगळ्यांसमोर ती म्हणाली, "बाबा, मला मितेशशी लग्न करायचंय."

भावोजींनी आधी तिच्याकडे, मग मितेशकडे पाहिलं. फाटक्या जॅकेटमध्येही त्यांना खुर्ची मिळाल्यासारखं झालं. चेहऱ्यावर निकाल स्वच्छ दिसत होता. पण तोंडानं "नाही" म्हणायची सवय कुठे? डोळे मिटले. "मी कोण सांगणारा? देवाक विचारूया. आताच. हयच."

ऋतिका रडायलाच लागली. आणि रत्नाताईनं शांतपणे पिशवी उघडून पितळेचं ताट काढलं. वाटी काढली. ओल्या रुमालात गुंडाळलेल्या जास्वंदीच्या पाकळ्या काढल्या. घरून तयारीनं आणलं होतं सगळं. डोक्यावर पदर घेतला, मान खाली घातली.

देव पाराच्या दगडावर बसला. भावोजींनी गाऱ्हाणं घातलं, पोरीचं नाव, पोराचं नाव, "होय तर उजवो दी, नाय तर डावो दी". ताईनं वाटीतून पाकळी काढली, पाणी निथळतं तसंच दिली. भावोजींनी डावीकडे लावली. तिनं दुसरी काढली. पदराच्या आतल्या बाजूला घेतली, बोटांत जराशी दाबली, दिली. ती उजवीकडे लागली. मी डोळ्यांची पापणी लवू दिली नाही. उजव्या पाकळीची कड हळूच वळली, आणि ती पडली.

भावोजी बघतच राहिले. डावी तशीच घट्ट चिकटलेली. त्यांच्या तोंडात "नाही" तयार होतं आणि देव "हो" म्हणून बसला होता. फिरायला जागाच नव्हती, आयुष्यभर तीच एक जागा त्यांनी बंद करून ठेवली होती. मग छाती फुगवून, अख्ख्या किल्ल्याला ऐकू जाईल असं म्हणाले, "देवान उजवो दिल्यान!" एका क्षणात तो त्यांचाच विचार झाला होता. मितेशच्या पाठीवर थाप मारून वर सांगतात कसे, "अरे, देवान तुझ्या खांद्यावर बसान तुका बघून घेतल्यान!"

"आणि माझ्या गुडघ्याचा?" ताई खाली मानेनं म्हणाली. "ताट काढलाच हा तर तेवढा पण विचारा."

पुन्हा गाऱ्हाणं. पुन्हा पदर. उजवा. "बघ," भावोजी म्हणाले, "मी सांगलय नाय, देवाची वेळ येवक होयी?" आणि पलीकडे झगा सांभाळणाऱ्या एका जोडप्याला घाड्यांचा देव किती कडक आहे ते सांगायला निघून गेले.

मी ताईजवळ बसले. तिच्या पदराच्या आतल्या बाजूला लाल डाग पडले होते.

"ताई, हे तू करतेस."

"पाणी जास्त झाला तर फूल धरून ऱ्हवता. म्हणान पुसतंय."

"एकच?"

"जा फूल पडाक होया ता."

"मग गुडघ्याला दोनदा डावा कुणी दिला?"

तिनं पाकळ्या रुमालात परत गुंडाळल्या. "मीच."

त्या गुडघ्यावर ती इतके दिवस उभी होती, रांधत होती, कठडे धरत होती.

"ऑपरेशन झाला काय मी खाटेर," ती म्हणाली. "मग ताट जावेकडे जातला. ती काय पुसूची नाय. आणि त्याच दिसांत ह्यांनी पोरीचो प्रश्न लावलो असतो तर? तिच्या मनात कोणतरी हा, ह्या माका कधीचाच कळला होता. म्हटलंय, पयलो तिचो कौल होवंदे."

मला तिचा राग आला. खरंच आला, भावोजींचा येतो त्याहून जास्त. "अगं, मग तोंडानं सांगायचंस ना त्यांना! बायको आहेस, कोण परकी आहेस का?"

"सांगलंय," ताई म्हणाली. "लगीन झाल्यापासून सांगतंय. माझा ऐकणत नाय. देवाचा ऐकतत."

एवढंच बोलून ती उठायला लागली. मी हात दिला. तिकडून ऋतिका डोळे पुसत, हसत आली आणि आईच्या गळ्यात पडली. ताईनं तिला जरा वेळ धरून ठेवलं, मग पितळेचं ताट तिच्या हातात दिलं.

"मी खाटेर असान तवसर ह्या तू धर. जावेकडे जावक नको."

"मी? मला काय येतंय त्यातलं?"

"शिकवतंय." ताईनं तिच्या टीशर्टकडे, जीन्सकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "पण ह्येका पुसूक येवचा नाय," ती म्हणाली. "ओढणी घेत जा."